वादळ गेले, पण पाण्याचा पंचनामा कोण करणार?



वादळ येणार अशी बातमी आली की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकच चित्र फिरू लागते. पांढऱ्या ढगांचे गरगरणारे चक्र, मध्ये डोळा, आणि खाली कोणीतरी लिहिलेले 'सावध राहा'. वादळ पुढे सरकले की आपण ते चित्र पुसून टाकतो आणि होड्या कधी लोटायच्या याची चर्चा सुरू होते. उपग्रह मात्र वर फिरतच असतात. वादळानंतरच्या आठवड्यांत ते जे टिपतात ते आपल्या धंद्याच्या जास्त उपयोगाचे असते, आणि तिकडे आपण कोणी बघत नाही. आज त्याविषयी लिहितो आहोत. लेख लांब आहे. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना घरातल्या मुलांनी वाचून दाखवावा.

पंचनाम्यात काय मोजतात ते सगळ्यांना पाठ आहे. होडी फुटली का, इंजिनात पाणी गेले का, जाळे वाहून गेले का, किनाऱ्यावरची खोप उडाली का. फोटो काढा, अर्ज भरा. पण होडी शाबूत, जाळे शाबूत, आणि पंधरा दिवस दर्यात जाऊन डिझेलचे पैसेही सुटत नाहीत, याचा रकाना त्या अर्जात नसतो. नदीतल्या तिसऱ्या मेल्या, कालवे मेली, मानशीवर सुंगटे येईनात, त्याचाही नसतो. पाण्याचा पंचनामा करायचा तर कोणी आणि कसा? हा प्रश्न आपल्या बैठकीत निघतो आणि चहा आला की संपतो. आम्ही जरा वाचून काढले तेव्हा कळले की हे काम दुसरीकडे झालेले आहे, आणि त्यात उपग्रहाइतकाच होडीचाही वाटा आहे.

प्रकरण जुने आहे आणि अमेरिकेतले आहे. तिकडे चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. १९९९ साली सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत नॉर्थ कॅरोलिना राज्यावर लागोपाठ तीन हरिकेन आली. डेनिस, फ्लॉयड आणि आयरीन. यातले फ्लॉयड १६ सप्टेंबरला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा जोर तेवढा मोठा नव्हता, पण पाऊस भयंकर. तिन्ही वादळे मिळून काही भागांत एक मीटरपर्यंत पाऊस पडला. नद्या फुगल्या, गावे बुडाली. त्या भागात डुकरांचे मोठमोठे गोठे आहेत आणि त्यांचे मलमूत्र साठवायची उघडी तळी आहेत. त्यांतलीही बरीच बुडाली. ते सगळे पाणी शेवटी जाऊन पडले पॅम्लिको साउंडमध्ये.

पॅम्लिको साउंड म्हणजे समुद्राला लागून असलेली एक अफाट, उथळ खाडी. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये रेतीच्या बेटांची लांबच लांब पट्टी, आणि तिला थोडीच अरुंद तोंडे. त्यामुळे आत आलेले पाणी बाहेर पडायला वर्षभर लागते. मासळीच्या पिलांची ती नर्सरी. तिथे मच्छीमारांची गावेच्या गावे खेकड्यावर, सुंगटावर आणि खाडीतल्या मासळीवर जगतात.

त्या राज्यातल्या विद्यापीठाची समुद्रविज्ञान संस्था तिथे किनाऱ्यावरच आहे. हान्स पेर्ल नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी खाडीला मिळणाऱ्या न्यूस नदीच्या पाण्याची तपासणी १९९४ पासून नियमाने करत होते. म्हणजे वादळाच्या आधी पाणी कसे होते याची नोंद त्यांच्याकडे होती. म्हणूनच वादळानंतर ते छातीठोकपणे सांगू शकले की पुराच्या पाण्याने खाडीतले तीन चतुर्थांश पाणी ढकलून बाहेर काढले. खारेपणा जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात उतरला. एरवी वर्षभरात जेवढा नायट्रोजन खाडीत येतो त्याच्या निदान निम्मा या काही आठवड्यांत येऊन पडला. नायट्रोजन म्हणजे खतच. वर हलके गोडे पाणी आणि खाली जड खारे पाणी असे दोन थर बसले आणि खालच्या थरातला प्राणवायू संपत गेला. वर शेवाळी वाढली. मासळीच्या अंगावर रोग दिसू लागले.

आता आपल्या कामाची गोष्ट. गोडे पाणी आले तसे नद्यांतले खेकडे खाली उतरले आणि मोठ्या खाडीत दाटीवाटीने जमले. त्या शरद ऋतूत तिथल्या मच्छीमारांचे सापळे भरभरून आले. कोणाला वाटेल, वादळ पावले. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत खेकड्याची आवक घसरली. जे खेकडे एरवी लांबच्या लांब नदीत पसरलेले असतात ते एका जागी सापडले, अंडी घालणाऱ्या माद्यांसकट पकडले गेले, आणि नवी पैदास कमी झाली. आपल्याकडेही वादळानंतर कधी कधी किनाऱ्याजवळ मासळीचा ढीग पडतो. जुने रापणकार अशा वेळी म्हणतात, मासळी आली नाही, पळून आली. आम्हाला वाटते ते पूर्वीपासून बरोबरच बोलत होते.

या सगळ्यात उपग्रह कुठे आले? अमेरिकेने १९९७ मध्ये सीविफ्स नावाचे एक यंत्र आकाशात पाठवले होते. त्याचे काम एकच, समुद्राचा रंग बघणे. फ्लॉयड गेल्यावर आकाश निवळले आणि चित्र आले. नद्यांच्या तोंडापासून खाडीभर, आणि बेटांच्या फटींतून बाहेर समुद्रात, काळपट तपकिरी पाण्याचे लोळ पसरलेले. होडीतून फिरून एवढे क्षेत्र बघायला कित्येक दिवस गेले असते, आणि तोवर पाणी हलले असते. आकाशातून ते एका झटक्यात दिसले, तारीखवार.

रंगावरून काय कळते, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको. तांडेल पाण्याकडे बघून जाळे टाकायचे की पुढे जायचे ते ठरवतो. उपग्रहसुद्धा तेच करतो, फक्त तो रंग मोजतो. सूर्याचा उजेड पाण्यात शिरतो, थोडा परत वर येतो, आणि येताना पाण्यात काय आहे त्याचा ठसा घेऊन येतो. पाण्यात माती असेल तर उजेड जास्त परततो आणि पाणी तांबूस, उजळ दिसते. पाण्यात हिरवी सूक्ष्म शेवाळी असेल तर तिच्यातले हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, निळा उजेड खाऊन टाकते आणि पाणी हिरवट होते. तिसरा रंग चहाचा. जंगलातला पाला, चिखल, दलदल यांतून पुराच्या पाण्याबरोबर जो कुजका अर्क उतरतो तो पाण्याला चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा रंग देतो. हा तिसरा रंग फार कामाचा आहे. तो गोड्या पाण्याबरोबर येतो आणि खारे पाणी मिसळले की फिका होतो. म्हणून शास्त्रज्ञ त्या रंगावरून नदीचे पाणी कुठवर पोचले आणि खारेपणा किती उतरला याचा अंदाज बांधतात. खारेपणा थेट मोजणारे उपग्रहही आहेत, पण त्यांच्या चित्रातला एक ठिपका कित्येक किलोमीटरचा. आपल्या नदीचे मुख त्यात हरवून जाईल.

टेक्ससमध्ये २०१७ साली ऑगस्टअखेर हार्वे हरिकेन आले तेव्हा हेच तंत्र वापरले गेले. ते वादळ हलायलाच तयार नव्हते. एका ठिकाणी १,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला, म्हणजे गोव्यातला निम्मा पावसाळा काही दिवसांत. ह्यूस्टन शहर आणि तिथले कारखाने धुऊन ते पाणी गॅल्व्हस्टनच्या उपसागरात उतरले. ही जागा कालवांसाठी प्रसिद्ध. कालव जागचे हलू शकत नाही. खेकडा पळतो, मासा पळतो, कालव शिंपला मिटून बसते आणि गोडे पाणी बरेच दिवस राहिले तर आतल्या आत मरते. त्या वेळी कालवे मोठ्या प्रमाणावर मेली. याच उपसागरात २००८ च्या आइक वादळाने उलटा प्रकार केला होता. निम्म्याहून जास्त कालवांचे थर गाळाखाली गाडले गेले होते. एकाच जागी दोन वादळांनी दोन वेगळ्या तऱ्हेने घात केला. म्हणून 'वादळामुळे नुकसान' एवढे लिहून भागत नाही, काय झाले ते लिहावे लागते. हार्वेनंतर तिथल्या केंद्र सरकारने टेक्ससच्या मासेमारीवर आपत्ती आल्याचे अधिकृतपणे मान्य केले. अशी तरतूद त्यांच्या कायद्यात आहे, आणि तिच्यात होडी-जाळ्याबरोबर बुडालेला हंगामही धरला जातो.

उपग्रह म्हणजे देवाचा डोळा, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या उणिवा माहीत असल्या तरच तो उपयोगी.

पहिली अडचण ढगांची. रंग बघणाऱ्या उपग्रहाला ढगांतून काही दिसत नाही. वादळाच्या दिवसांत, म्हणजे नेमके हवे तेव्हा, तो आंधळा असतो. दुसरी अडचण खोलीची. निवळ पाण्यात त्याला काही मीटर खालपर्यंतचा अंदाज येतो, गढूळ पाण्यात हातभरही नाही. तळाचा प्राणवायू संपला का, हे त्याला मुळीच कळत नाही. तिसरी अडचण आमच्या मते सगळ्यात मोठी. किनाऱ्याजवळ माती, शेवाळी आणि चहाचा रंग तिन्ही एकत्र मिसळलेले असतात. अशा पाण्यात यंत्राचा हिशोब चुकतो आणि गढूळ पाणी हिरवे म्हणून खपते. खोल समुद्रात तयार केलेली गणिते नदीच्या मुखावर तशीच्या तशी चालत नाहीत. तिथे कोणीतरी होडीतून जाऊन बाटलीत पाणी भरावे लागते आणि आकाशातल्या आकड्याशी जुळवून बघावे लागते.

नॉर्थ कॅरोलिनाच्या लोकांनी यावर जी युक्ती काढली ती वाचून आम्हाला खरोखर आनंद झाला. एवढ्या मोठ्या खाडीत रोज बोट पाठवणे विद्यापीठाला परवडणारे नव्हते. पण सरकारी फेरीबोटी रोज इकडून तिकडे जातच होत्या. गाड्या आणि माणसे घेऊन, पणजी-बेती किंवा रायबंदर-चोडणला जातात तशाच, फक्त पल्ला लांबचा. फ्लॉयडनंतर, २००० सालापासून, त्या फेरीबोटींवर यंत्रे बसवली. बोट चालू असताना खालून पाणी आत ओढले जाते आणि तापमान, खारेपणा, गढूळपणा, क्लोरोफिल, प्राणवायू यांची नोंद जागेसकट आपोआप होते. या उपक्रमाचे नाव फेरीमॉन. त्या नोंदींवरून उपग्रहाची चित्रे तपासून घेता आली. पुढच्या वादळांच्या वेळी आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे हाताशी होते.

आपल्या देशातले उदाहरण केरळचे. २०१८ च्या महापुरानंतर वेंबनाड तलावाच्या पाण्याचा अभ्यास झाला तेव्हा तिथल्या साध्या माणसांच्या हाती एक लहान पांढरी चकती आणि मोबाईलचे ॲप दिले गेले. चकती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली वाचायची आणि पाण्याचा रंग पट्टीशी जुळवून कळवायचा. त्या नोंदी उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून बघितल्या जातात. ही चकतीची पद्धत १८६५ पासूनची आहे. सेक्की नावाच्या इटालियन पाद्रींनी ती पोपच्या जहाजावरून वापरली होती. दीडशे वर्षांत तिच्यात फारसा बदल करावा लागला नाही, यावरूनच तिची किंमत कळते.

आता आपला किनारा. आपल्याकडची परिस्थिती पॅम्लिकोसारखी नाही, हे आधी सांगायला हवे. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्या थेट समुद्राला मिळतात आणि भरती-ओहोटी त्यांना रोज धुते. पावसाळ्यात त्यांचे पाणी दर वर्षी गढूळ आणि गोडे होते, आणि मासळीला त्याची सवय आहे. पुराचे पाणी वर्षभर आत अडकून बसेल असे इथे नाही. पण वादळ पावसाळ्याची वाट बघत नाही. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत क्यार आले. २७ ऑक्टोबरला त्याचे महाचक्रीवादळ झाले, आणि ते दूर जाते न जाते तोच लक्षद्वीपकडून महा उठले. २०२१ मध्ये १६ मे रोजी तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले, बंदीला पंधरा दिवस उरलेले असताना. ऑक्टोबर म्हणजे नदीचे पाणी पुन्हा खारे व्हायला लागते ते दिवस. मे म्हणजे ते सगळ्यात खारे असते ते दिवस. अशा वेळी डोंगरावरची आणि खाणींची लाल माती एकदम खाली आली तर तिसऱ्यांना आणि कालवांना तयारीची संधी मिळत नाही.

तिकडे खोल समुद्रात वादळ वेगळेच काम करते. ते पाणी घुसळते, खालचे थंड आणि खतयुक्त पाणी वर आणते, आणि काही दिवसांनी वादळाच्या वाटेवर शेवाळी वाढलेली दिसते. २००१ च्या मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ आले होते, त्यानंतर हे उपग्रहाच्या चित्रांत स्पष्ट दिसले. शेवाळी वाढली म्हणजे बारीक मासळीला खाणे आले. म्हणजे एकाच वादळाने नदीच्या मुखावर नुकसान आणि बाहेर चरायला कुरण, असेही होऊ शकते.

तळाच्या प्राणवायूचे प्रकरण तर आपल्या दाराशी आहे. पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपल्या किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्राच्या तळाला प्राणवायू फार कमी होतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते मोजून जगापुढे मांडले आहे. क्यार आले तेही याच काळाच्या शेवटाला. त्या दिवसांत तळाची जाळी रिकामी येतात आणि मासळी वरच्या पाण्यात किंवा अगदी काठाला मिळते, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांचा आहे. उपग्रहाला यातले काही दिसत नाही. ते दिसते फक्त जाळे ओढणाऱ्याला.

आपल्याला रोजच्या उपयोगाचा उपग्रह ओळखीचा आहेच. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा जो सल्ला येतो तो पाण्याचे तापमान आणि क्लोरोफिल यांवरूनच काढतात. त्यासाठी आपल्या इस्रोचे ओशनसॅट उपग्रह आहेत. पहिला १९९९ मध्ये गेला, दुसरा २००९ मध्ये, तिसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दहा मीटरपर्यंत बारीक बघतात. त्यांना नदीचे मुख आणि जेटीजवळचे गढूळ पाणीसुद्धा दिसते. ही चित्रे फुकट मिळतात. अमेरिकेच्या नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर तारीख टाकली की त्या दिवसाचा आपला किनारा दिसतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, ऑक्टोबर २०१९ चा शेवट आणि नोव्हेंबरची सुरुवात काढून दाखव. बरेच दिवस ढगच दिसतील. एखादा मोकळा दिवस मिळाला तर नद्यांच्या तोंडाशी पाण्याचा रंग कसा आहे ते आपल्या डोळ्यांनी बघा.

आता मुद्दा पंचनाम्याचा. नुसते उपग्रहाचे चित्र घेऊन कुठल्या खात्यात गेलो तर साहेब म्हणतील, हे दर वर्षीचेच गढूळ पाणी कशावरून नाही? त्या प्रश्नाला आज आपल्याकडे उत्तर नाही. वादळाआधी त्याच जागी पाणी कसे होते, किती मासळी मिळत होती, हे लिहून ठेवलेले असेल तरच उत्तर देता येईल. पेर्ल यांच्याकडे १९९४ पासूनच्या वह्या होत्या. म्हणून त्यांचे म्हणणे टिकले.

तेव्हा सोसायटीने असे ठरवले आहे. कार्यालयात एक नोंदवही ठेवली आहे. ज्या होड्या नदीच्या मुखाजवळ किंवा काठाला जातात त्यांना पांढऱ्या रंगाची एक लोखंडी थाळी आणि दोरी देऊ. दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी आहेत. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, कारण रंग बघणारे बरेचसे उपग्रह साधारण त्याच वेळेत वरून जातात, होडीच्या सावलीच्या बाजूने थाळी सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. तारीख, वेळ, जीपीएसवरची जागा, गाठी, पाण्याचा रंग (लाल, चहाचा, हिरवा, निळा यांपैकी), वास, फेस किंवा मेलेली मासळी असल्यास ते, आणि जाळ्यात काय किती आले. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम आहे. लिहायला जमत नसेल तर आवाजी मेसेज पाठवा, आम्ही वहीत उतरवून घेऊ. तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायांनीही नोंद द्यावी. त्यांची जागा ठरलेली असते, त्यामुळे त्यांची नोंद सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

आठवड्यातून एकदा नोंद झाली तरी चालेल, पण हवा चांगली असतानाही करायची. थाळ्या सध्या सहा आहेत. पहिल्या सहा होड्यांची नावे सोमवारी संध्याकाळी कार्यालयात लिहून घेतो.

आपला,
सचिव